टिकटिकीचे आकडे

घड्याळवाल्यांच्या कानांनी संप पुकारला, त्याला दोन वर्षं होत आली होती. ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. बायको हल्ली पुटपुटते, गिऱ्हाइकं तोंडातल्या तोंडात बोलतात आणि एकूण जगच दबक्या आवाजात चालू लागलंय, असं त्यांचं अधिकृत म्हणणं होतं. खरं काय ते त्यांना ठाऊक होतं, पण ते अनधिकृत होतं.

लंबकाच्या घड्याळाचं असं असतं की नुसतं चालून भागत नाही, सारखी पावलं टाकत चालावं लागतं. टिक आणि टॉक यांच्यात समान अंतर हवं. लंगडायला लागलं की दोन दिवसांत दमून उभं राहतं. हे लंगडणं डोळ्यांना दिसत नाही, कानांना कळतं. चाळीस वर्षं घड्याळवाले भिंतीकडे पाठ करून, चहा पिता पिता, “डावीकडून चौथं लंगडतंय” असं सांगत आले होते. आता त्यांना नुसता लंबक हलताना दिसायचा, वक्त्याचा माईक बंद पडल्यावर हातवारे दिसतात तसा.

अशात मुख्याध्यापिकाबाईंचं घड्याळ दुरुस्त होऊन दोनदा परत आलं. बाईंना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, पण तसं त्यांना कोणी कळवलेलं दिसत नव्हतं. येत्या शनिवारी सकाळी अकराला येते, तिसऱ्यांदा बंद पडलं तर दुसरीकडे नेईन, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. बाईंनी नेलं की निम्मं गाव नेणार, कारण निम्मं गाव बाईंच्या छडीखालून गेलेलं. मग दुकानाला कुलूप आणि घड्याळवाल्यांना दिवसभर घर. घरातली मंडळी या कल्पनेने त्यांच्याइतकीच घाबरलेली होती.

त्यांची लेक लिफ्ट दुरुस्त करायची. लिफ्टला कोणता मजला आला हे कसं समजतं, असं त्यांनी महिन्याभरापूर्वी सहज विचारावं तसं विचारलं होतं, आणि डोकं गंजू नये म्हणून आपल्यालाही ते शिकायचंय असं पुढे जोडलं होतं. लेकीने विश्वास ठेवला. मुली बापावर विश्वास ठेवतात, विशेषतः दुसरी कामं पडलेली असली की. पुढच्या रविवारी तिने काड्यापेटीपेक्षा थोडं मोठं एक सर्किट आणलं. याला मायक्रोकंट्रोलर म्हणायचं, हा लिहून दिलेलं तेवढंच करतो, मनाचं काही करत नाही, असं सांगितलं. असा कारागीर घड्याळवाले चाळीस वर्षं शोधत होते.

पहिल्या रविवारी दिवा लुकलुकला. त्याआधी अकरा वेळा लुकलुकला नाही, कारण ओळीच्या शेवटी अर्धविराम द्यायचा राहत होता. कॉम्प्युटर दर वेळी चूक कुठल्या ओळीत आहे ते आकड्यासकट सांगायचा. घड्याळवाले भारावून गेले. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांच्या चुका पुष्कळ निघाल्या होत्या, पण ओळ क्रमांक कोणी दिला नव्हता.

दुसऱ्या रविवारी लेकीने अ‍ॅनालॉग पिन शिकवली. साधी पिन फक्त हो किंवा नाही सांगते, ही किती ते सांगते. तिला जोडलेली गोल खुंटी फिरवली की पडद्यावरचा आकडा शून्यापासून एक हजार तेवीसपर्यंत चढायचा. सरळ हजार का नाही, असं त्यांना विचारावंसं वाटलं. पण ज्याने आयुष्य बारा आणि साठात काढलं त्याने दुसऱ्याच्या आकड्यांना नावं ठेवू नयेत म्हणून ते गप्प बसले. जेवण गार होईपर्यंत खुंटी फिरवत मात्र राहिले.

तिसऱ्या रविवारी त्यांनी थरथर ओळखणारा सेन्सर मागितला. ती बटणाएवढी पितळी चकती होती. थरथरली की चिमूटभर वीज द्यायची, तेवढ्याने आकडा उडी मारायचा. बाकीचा प्रोग्रॅम त्यांनी एकट्याने लिहिला: आकडा चाळिशीच्या वर गेला की आधीच्या उडीपासून किती वेळ झाला तो छापायचा. बाईंच्या घड्याळाचा ठोका अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत पाचशे, पाचशे, पाचशे असं यायला हवं.

सोमवारी त्यांनी बाईंचं घड्याळ दुकानातल्या फळ्यांच्या भिंतीवर टांगलं आणि चकती कपडे वाळत घालायच्या चिमट्याने त्याच्या पेटीला लावली. आकडे आले: तीनशे दहा, एकशे नव्वद, पंच्याहत्तर, चारशे पंचवीस. हे लंगडणं नव्हतं, ही दारू पिऊन आलेली वरात होती. त्यांनी लंबकाला ढकलणारी दांडी केसभर डावीकडे वाकवली. वरात तशीच. उजवीकडे वाकवली. शुक्रवार संध्याकाळपर्यंत दांडी इतक्यांदा वाकली की ती आता कोणत्याही मताची राहिली नाही.

शनिवारी सकाळी दहाला त्यांनी लेकीला दुकानात बोलावलं. ती आली, वायरी पाहिल्या, प्रोग्रॅम दोनदा वाचला. दोन्ही बरोबर होते. मग ती काहीतरी बोलली.

“काय?” ते म्हणाले.

“आधी हे सगळं बंद करा, म्हटलं. माझंच बोलणं मला ऐकू येत नाहीये.”

“काय बंद करू?”

लेक त्यांच्याकडे पाहत राहिली. मग भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर आणखी अडतीस घड्याळं होती, अडतीसच्या अडतीस चालू होती आणि चकती इमानाने फळ्यांतून पोचेल त्या प्रत्येकाची टिकटिक मोजत होती. घड्याळवाल्यांच्या लेखी दुकान दोन वर्षं शांत होतं.

“बाबा,” ती त्यांच्यासमोर येऊन, तोंड दिसेल असं म्हणाली, “कधीपासून?”

घड्याळवाल्यांनी चिमटा काढला, परत लावला. “दोन वर्षं,” ते म्हणाले. “आईला सांगू नकोस.”

“आईनेच मला सांगितलंय. तुम्ही कधी कबूल करताय याची वाट बघत होतो.”

यावर बोलण्यासारखं त्यांच्याकडे पुष्कळ होतं, पण साडेदहा झाले होते. दोघांनी स्टूल घेऊन बाईंचं सोडून एकेका घड्याळाचा लंबक बोटाने थांबवला. सगळे थांबले तेव्हा पडद्यावर दोनच आकडे येत राहिले: पाचशे तीस, चारशे सत्तर. घड्याळवाल्यांनी दांडीला हात लावला, लावला न लावलासा. पाचशे एक, चारशे नव्याण्णव. त्यांनी खुर्ची ओढली आणि पानभर आकडे नुसते वाचत बसले. चांगलं पत्र आलं की असंच बसायचे.

अकराला बाई आल्या. बंद पडलेल्या अडतीस घड्याळांवरून त्यांनी वर्गावरून फिरवावी तशी नजर फिरवली.

“घड्याळवाले, मी एकटीच तक्रार करत होते असं वाटलं होतं.”

लेक सारवासारव करायला पुढे झाली. घड्याळवाल्यांनी तिला थांबवलं. “बाई, मला टिकटिक ऐकू येत नाही आता. म्हणून मागच्या दोन खेपा वाया गेल्या. या वेळी मोजलीय.” आणि त्यांनी कॉम्प्युटर बाईंकडे वळवला.

बाईंनी चष्मा बदलला. वरून खाली बोट फिरवत आकडे तपासले, शेजारशेजारच्या जोड्यांची बेरीज तोंडी केली. सगळीकडे हजार आलं. त्यांना चूक न सापडल्याचा थोडा विरस झालेला दिसला.

“या वयात शिकलात?”

“लेकीने शिकवलं. तीन रविवार.”

“तीन रविवारांत मी भल्याभल्यांना पाढे शिकवू शकले नाही,” बाई म्हणाल्या. या वेळी तोंड त्यांच्याकडे ठेवून, एकेक शब्द सुटा करून. “सोमवारी माझं दुसरं घड्याळ आणते. बंद पडलेलं नाही, पण त्याचेही आकडे बघायचेत. आणि नुसती यादी नको. खाली सरासरी हवी, दशांशासकट.”

त्या गेल्यावर लेक भिंतीवरची घड्याळं पुन्हा चालू करू लागली. घड्याळवाल्यांनी तिला ते सोमवारनंतर बघू म्हणून खूण केली आणि सरासरीची पहिली ओळ लिहायला घेतली.