खडूची खूण

माझ्या रक्तात तांबड्या पेशी गरजेपेक्षा जास्त तयार होतात. जुने डॉक्टर म्हणायचे, ‘रक्त जरा घट्ट आहे.’ अधूनमधून पिशवीभर रक्त काढायचे, की मी पुन्हा रंधा मारायला हजर. मग नव्या डॉक्टरबाई आल्या. त्या म्हणाल्या, “हा रक्ताचा कॅन्सरच, पण अगदी संथ चालीचा.” बायकोने ‘पण’च्या पुढचं काही ऐकलंच नाही. संध्याकाळपर्यंत ते तिच्या बहिणीला कळलं, म्हणजे माझ्या साडूला कळलं.

साडू आणि मी मिळून फर्निचरचं वर्कशॉप चालवतो. एकाने केलेली वस्तू दुसऱ्याने ठोकून, हलवून पाहायची आणि पटली तरच मागे खडूने खूण करायची, हा आमचा नियम. खूण नाही तर वस्तू दाराबाहेर नाही. साडू यात महाखवट. केसाएवढी फट दिसली तरी “पुन्हा कर” म्हणणार, वर आमच्या सासऱ्यांची जावई निवडण्यातली चूकही काढणार.

तो शब्द कानावर पडल्यापासून गडी मेणाहून मऊ झाला. मी स्टूल ठेवायचा अवकाश, खूण तयार. घरी बायको भांडेना. मी मुद्दाम कुरापत काढली तरी “तुमचंच खरं” म्हणायची. जिवंतपणीच फोटोत बसवल्यासारखं वाटायला लागलं. उद्या हातातला रंधाही काढून घेतला, तर माझं उरणार काय, या विचाराने मी आजारापेक्षा जास्त घाबरलो.

काल रक्त काढायला गेलो. दवाखान्यातलं नवं कपाट माझ्याच हातचं. डॉक्टरबाईंनी सुयांसाठी वरचा खण ओढला, तो अडकला. हिसका दिला तसा सुयांसकट त्यांच्या मांडीवर आला.

“रोजचंच आहे,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला बरं नाही, म्हणून बोलले नव्हते.”

मी कपाटामागे डोकावलो. साडूची खूण ठसठशीत होती.

“बाई, तो शब्द मागे घ्या. त्याच्यापायी माझं काम बिघडलंय.”

“पुस्तकात तो कॅन्सरमध्येच मोडतो,” त्या म्हणाल्या. “काही पेशंट नुसत्या शब्दाने अंथरूण धरतात, ते मलाही दिसतं. पण ‘घट्ट रक्त’ म्हटलं की लोक गोळ्या विसरतात आणि गुठळी झाली की धावत येतात. तुम्ही गोळ्या घ्या आणि खुशाल काम करा.”

रक्त देऊन झाल्यावर खण काखोटीला मारला आणि वर्कशॉपमध्ये साडूपुढे ठेवला.

“हा तपासला होतास?”

तो सरसाच्या ब्रशकडे बघत राहिला. “नाही. म्हटलं, आता तुला कशाला त्रास.”

“त्रास दे की. त्या एका शब्दापायी मला मोडीत काढू नकोस.”

“जुने डॉक्टर घट्ट रक्त म्हणायचे, तेव्हा गोळ्या घ्यायचास?”

“आठवलं तर.”

“आणि आता?”

“रोज.”

“मग राहू दे तो शब्द. मला आवडत नाही, पण राहू दे.”

त्याने खण उजेडात धरला, कडेवरून अंगठा फिरवला. त्याचा चेहरा हळूहळू पहिल्यासारखा आंबट झाला.

“ही कड रंधली आहेस की कुरतडली आहेस? सासऱ्यांनी मुलगी देताना डोळे मिटले होते वाटतं. आजची गोळी घे आणि पुन्हा कर.”

इतकं गोड माझ्याशी कोणी महिनाभरात बोललं नव्हतं.