फितूर शेळी

“पाच दिवस झाले, मामा. एकटीच भटकतेय,” कानाशी यंत्र धरून बंदूकवाला म्हणाला. “किल्ला साफ!”

मामांचा चेहरा फुलला. किल्ल्याचे हे म्हातारे पहारेकरी दोन वर्षं याच दिवसाची वाट बघत होते. काम संपलं की फितूर तुमची, असा कचेरीतल्या साहेबांनी त्यांना शब्द दिला होता.

फितूर ही शेळी. नाव बंदूकवाल्याने ठेवलेलं, आणि खोटं तरी कसं म्हणावं? कधीकाळी इथल्या शिपायांनी दुधासाठी आणलेल्या शेळ्या रानटी झाल्या, शेकड्यांनी वाढल्या, आणि तोफांना दाद न देणारा तट त्यांच्या खुरांनी ढासळायला लागला. कड्याकपारीत त्या माणसाला काही सापडेनात. तेव्हा मामांनी बाटलीने दूध पाजून वाढवलेल्या या पोरक्या शेळीच्या गळ्यात ठावठिकाणा सांगणारा पट्टा अडकवला आणि तिला वर सोडलं. शेळीला एकटं राहवत नाही. ती कळप शोधायची, बंदूकवाला तिला शोधायचा. भोवतीच्या सगळ्या आडव्या व्हायच्या, ती तेवढी उरायची. मग मामांनी शीळ घातली की थरथरत त्यांच्याकडे यायची, आणि हेच मामा चार दिवसांनी तिला पुन्हा वर हाकलायचे. काय काळीज म्हणायचं या माणसाचं! पण बायको गेल्यापासून चौकीत त्यांना बोलायला दुसरं होतं तरी कोण?

“साहेबांना फोन लाव,” मामा म्हणाले. “सांग, आजच नेतो तिला घरी.”

बंदूकवाल्याने फोन लावून मामांच्या हातात दिला.

“अहो मामा, एकही शेळी उरली नाही असं लिहून द्यायचंय मला,” साहेब म्हणाले.

“पण साहेब, तुम्ही शब्द दिला होतात!”

“खाली नेलीत तरी ती वरच पळणार. तेच तर शिकवलंय ना तुम्ही तिला? उगाच जीव लावून बसू नका.” फोन बंद झाला.

“मला दहा मिनिटं दे रे,” मामा बंदूकवाल्याला म्हणाले.

शीळ घालून त्यांनी तिला बोलावलं आणि पडक्या दरवाज्यातून बाहेर काढलं. “जा! पळ मेले, खाली जंगलात पळ!” ती उभीच. पहिला दगड तिच्या पायाशी पडला, दुसरा बरगडीवर बसला. ती पाच-दहा पावलं पळाली आणि वळून बघत राहिली. तिसरा मामांनी नेम धरून मारला. कपाळ फुटलं. तशीच रक्ताळलेली ती परत आली आणि त्यांच्या गुडघ्याला डोकं लावून उभी राहिली. अख्ख्या किल्ल्यावर तिच्या कळपातले आता मामा तेवढे उरले होते.

“मामा, बाजूला व्हा,” मागून बंदूकवाला म्हणाला.

मामा बाजूला झाले. तीही झाली. ते डावीकडे सरकले, ती डावीकडे सरकली.

“असं नाही जमायचं. धरा तिला जरा.”

मामांनी धरलं.

पट्टा कचेरीत जमा करायचा होता. तो हातात घेऊन मामा पायऱ्या उतरले. खाली गाडीपाशी बंदूकवाला यंत्र आवरत होता.

“पट्ट्याचं बटण बंद करा की मामा! इथे तुमचीच टिकटिक ऐकू येतेय.”

चौकीत शिरून मामांनी दार लावून घेतलं आणि पट्टा तसाच चालू मांडीवर घेऊन ते खाटेवर बसले. बाहेर यंत्र वाजतच राहिलं.