पुन्हा एक्केचाळीस

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर यंत्रबाबा, पुढ्यात काळी पेटी, पेटीवर पितळी पट्टी. पट्टीवर तळहात ठेवायचा, बाबा बटण दाबायचे आणि पडद्यावर आकडा उमटायचा : शरीरातली जीवनशक्ती, शंभरपैकी. आकडा काहीही येवो, उपाय एकच. बाबांचे थेंब सुरू, डॉक्टरांची औषधं बंद.

त्या सकाळी यंत्र सुरू झाल्यावर पहिला हात माझ्या मावशीचा. एक्केचाळीस. तिच्यामागच्या शिंप्याचे सदुसष्ट.

"इन्सुलिननं तुला आतून पोखरलंय, माई," बाबा म्हणाले.

मावशीनं मान डोलावली. पहिल्या भेटीपासूनच तिनं इन्सुलिन सोडलं होतं. आता तिचे ओठ सुकले होते आणि ती सारखी पाणी पीत होती.

मी छोटी उपकरणं बनवते. उष्णतेनं बिघडणाऱ्या तिच्या इन्सुलिनचा डबा तापला तर वाजेल अशी घंटी करायची होती, म्हणून मायक्रोकंट्रोलर, म्हणजे उपकरण चालवणाऱ्या चिपचं बोर्ड, निवडत होते. वायफायवालं बोर्ड बॅटरी फस्त करत होतं, दुसरं डब्यात मावत नव्हतं. तिसरं स्वस्त, इवलंसं आणि काम नसेल तेव्हा झोपून राहणारं. माझं ठरत नव्हतं.

"बाबांना विचार," मावशीचे यजमान, म्हणजे काका, खोचकपणे म्हणाले. "त्यांचं यंत्र चालतंय. तुझं अजून टेबलावरच आहे."

मी विचारलं, "आत कोणता मायक्रोकंट्रोलर आहे?"

"पोरी, ही चिप बाजारात मिळत नाही. विश्वाच्या स्पंदनांतून ती स्वतःच आपला धनी निवडते."

"किती व्होल्टवर चालते?"

"श्रद्धेवर."

लोक मला हसले. तेवढ्यात वीज गेली आणि लगेच आली. पेटी पुन्हा सुरू झाली. पट्टीवर एका धिप्पाड हमालाचा हात होता. एक्केचाळीस. त्याच्यामागच्या बाईंचे सदुसष्ट.

आता मला हसू आलं, आणि संतापही. त्या स्वस्त बोर्डवर मी गंमत म्हणून फासा करून पाहिला होता. मनाला येईल तो आकडा दे, असं त्याला नुसतं सांगितलं तर ते बंद करून चालू केल्यावर दर वेळी तेच आकडे त्याच क्रमानं देतं.

मी मंचावर चढले, प्लग काढून पुन्हा लावला, फरशी पुसायचं ओलं फडकं पट्टीवर टाकलं.

"आता एक्केचाळीस येतील," मी म्हणाले आणि बटण दाबलं.

एक्केचाळीस आले.

"अश्रद्ध हात लागला, शक्ती निघून गेली," बाबा पुटपुटले.

हमालानं पेटी उलटी केली आणि शिंप्यानं कात्रीच्या टोकानं स्क्रू काढले. आत माझ्या टेबलावरचंच स्वस्त बोर्ड होतं. पितळी पट्टीची तार अधांतरी लोंबत होती.

"शक्ती गेली म्हणता," हमाल म्हणाला, "पण ही तार कधी जोडली होती?"

मावशीला उठता येईना. हमालानंच तिला रिक्षात बसवलं. साखर इतकी चढली होती की डॉक्टरांनी तिला लगेच भरती करून घेतलं. ती वाचली. काका अजून माझ्याशी बोलत नाहीत, न बोलोत.

मी घंटीसाठी इवलंसं बोर्डच घेतलं. त्याला तापमापक जोडला आणि तो बर्फात, मग कोमट पाण्यात बुडवून दुसऱ्या तापमापकाशी ताडून पाहिला. हे कोणालाही जमतं. आकडा दाखवणाऱ्या प्रत्येक पेटीला विचारा : तू काय मोजतेस आणि कशानं? उत्तर मिळेपर्यंत आपलं औषध सोडू नका.