‘आरंभ’ची पाटी

वैष्णवी पाचवीच्या वर्गाला मराठी शिकवायची. समानार्थी शब्द तिच्या जिभेवर नाचायचे, त्यामुळे नवऱ्याच्या रोपवाटिकेचं बारसं आपणच करणार, हे तिनं परस्पर ठरवून टाकलं होतं. रोप म्हणजे सुरुवात, तेव्हा त्याच अर्थाचा एखादा झोकदार शब्द हवा. मखमलाबादच्या शेडनेटमध्ये टोमॅटो-मिरचीची रोपं टरारली होती. उद्घाटन उद्यावर आलं होतं. मुस्तकीम पेंटर कोरी पाटी दोन खुर्च्यांवर आडवी टाकून बसला होता आणि नावाचा मात्र पत्ता नव्हता.

“उगम,” वैष्णवी म्हणाली.

“गोदावरीचा उगम त्र्यंबकला,” तिचा नवरा सोमनाथ रोपांना पाणी देता देता म्हणाला. “लोक विचारतील, दर्शनाची रांग कुठंय?”

“मग मूळ!”

“मॅडम, मूळव्याधीचा दवाखाना वाटेल,” मुस्तकीम म्हणाला.

सासूबाई, चतुराबाई, उद्घाटनासाठी खास नामपूरहून आल्या होत्या. त्यांची हरकत वेगळीच. “मूळ नक्षत्रवर जनमेल पोरनी शांत करनी पडस. दुकानले तेच नाव देशी?”

‘उत्पत्ती’ म्हटल्यावर त्यांना एकादशी आठवली. उपासाचं नाव ठेवलं तर गिऱ्हाईक पोटभर माल कसा घेईल? ‘उद्गम’ला मुस्तकीमनं ब्रशच खाली ठेवला. “आमच्यात गम म्हणजे दुःख, मॅडम.” ‘स्रोत’ ऐकून तर तो हात जोडूनच उभा राहिला. मागे एका पाटीवर त्यानं बरोबर ‘स्रोत’ लिहिलं, तर मालकानं ‘स्त्रोत’मधला पहिला ‘त’ कुठं खाल्ला म्हणून भांडण काढलं होतं.

वैष्णवी वैतागली. “आरंभ! आता कोणी काही बोलायचं नाही.”

“आरंभ?” चतुराबाई लेकाकडे बोट दाखवत पटकन म्हणाल्या. “हाऊ तर आरंभशूर शे!”

मुस्तकीम खो खो हसला. सोमनाथचं मशरूम, बटेरपालन, चायनीजची गाडी, सगळ्यांच्या पाट्या त्यानंच रंगवल्या होत्या आणि सगळ्या चार-सहा महिन्यांत उतरल्या होत्या. वैष्णवीलाही हसू आवरेना. तिनं पदर तोंडाला लावला, पण सोमनाथनं पाहिलंच. त्यानं नळ बंद केला आणि पाण्याच्या टाकीमागे निघून गेला.

वैष्णवीचं हसू विरलं. ती त्याच्यामागे गेली. तो रिकामे ट्रे उगाचच एकावर एक रचत होता.

“रागावलात?”

“खरं बोललं की राग येतोच.”

“दुसरा शब्द शोधते. माझ्याकडे काय कमी आहेत?”

“नको.” त्यानं हातातला ट्रे ठेवला. “माझ्यासाठी शब्द लपवायला लागलीस, तर मला जास्त लाज वाटेल. आरंभच लिहू दे. लोक हसतील, पण हसायला तरी येतील.”

ते दोघं परत आले, तेव्हा चतुराबाई अपराधी चेहऱ्यानं पाटीवरची धूळ पदरानं पुसत होत्या. सोमनाथनं मुस्तकीमला सांगितलं, “मोठ्या अक्षरांत. लाल रंगात.”

लोक खरंच हसायला आले. दुसऱ्या दिवशी त्याचा जुना मित्र गेणू पाटी वाचून पोट धरून हसला. “सोम्या, समाप्ती कधी रे?”

“आधी मिरची बघ,” सोमनाथ म्हणाला. गेणूनं एक रोप उपसून पाहिलं. पांढरीशुभ्र मुळं भरगच्च होती. हसता हसता तो दोन ट्रे घेऊन गेला आणि चार दिवसांनी भावालाही घेऊन आला.

पुढे मनमाडला वैष्णवीच्या मामेबहिणीचं लग्न निघालं. पूर्वी लग्न म्हटलं की सोमनाथ धंद्याला कुलूप लावून आठवडाभर गायब व्हायचा. या खेपेला मात्र तो ट्रेवर वाकून बसला. “तू अन् आई जा. कोबीला आता कुठं कोंब येतायत.”

वैष्णवी रेल्वेत मनमाड येईपर्यंत धुसफुसत राहिली. सासूबाईंनी भाकरी पुढे केली, तीही नाकारली. मांडवात मात्र जो भेटेल त्याला ती सांगत सुटली, “आमच्या ह्यांना अजिबात सवड नाही हो! काय करणार?”