डाव्या कानशिलातला मोजा

मी एक जुनं हेल्मेट, आणि माझ्या डाव्या कानशिलाच्या आत आजही एक न धुतलेला मोजा आहे. हसू नका मित्रांनो. मला ही गोष्ट सांगताना अजूनही भीती वाटते. हेल्मेटनं कसलं घाबरायचं, असं तुम्ही म्हणाल. पण माझ्या पोटात दुसऱ्याचं डोकं असतं, आणि ते सांभाळायचं काम माझ्या एकट्यावर असतं. मग मी घाबरणार नाही तर कोण घाबरणार?

माझा जन्म कारखान्यातला. गरम प्लास्टिक साच्यात गेलं आणि मी टणक होऊन बाहेर पडलो. आत फुगीर पिशव्या बसवल्या, पंपानं त्यांत हवा भरली, तोंडापुढं जाळी लावली. मग मला एका लोखंडी डोक्यावर चढवून वरून वजनं आपटली. आपटणारे माझ्यावर खूश झाले. त्या लोखंडी डोक्याला कधी काही झालं नाही, त्यामुळे मीही निर्धास्त होतो. खरं डोकं किती नाजूक असतं, हे मला पुढं कळायचं होतं.

तिथून मी अमेरिकेत, नेब्रास्का राज्यातल्या एका लहान गावी, हॅलोरन कॉलेजात आलो. आमच्या फुटबॉलमध्ये चेंडूला लाथ मारण्यापेक्षा तो छातीशी कवटाळून पळणं आणि पळणाऱ्याला लोळवणं हेच जास्त. अशा खेळात आम्हा हेल्मेटांना काही कमी काम नसतं. आमचा सगळा कारभार वेंडेल या म्हाताऱ्याकडे होता. दर आठवड्याला तो एकेकाला मांडीवर घेई, पिशव्या दाबून बघे, कमी असेल तिथं हवा भरे आणि ओल्या फडक्यानं पुसून फळीवर ठेवून देई. त्याचे हात खडबडीत होते, पण आईनं बाळाची टाळू चाचपावी तसे तो पिशव्या चाचपे. ते दिवस सुखाचे होते.

दोन पोरं मला घालून शिकून गेली आणि मग मी मायलो ह्रूबीच्या डोक्यावर आलो. मायलो शेतकऱ्याचा पोरगा, मान बैलासारखी, हसू लहान मुलासारखं. चेंडू हातात आला की तो समोरच्यांच्या भिंतीत सरळ घुसायचा. वळसा घालून जाणं त्याला जमतच नसे. आमच्याकडे कुणी पराक्रम केला की कोच ब्रँट त्याच्या हेल्मेटवर मक्याच्या कणसाचं चित्र चिकटवत. त्या हंगामात माझ्यावर इतकी कणसं चिकटली की माझा हिरवा रंग शोधावा लागायचा. बाकीची हेल्मेटं माझ्याकडे बघत बसायची. खोटं कशाला बोलू, मला ताठा चढला होता.

त्या हंगामात हॅलोरन एकही सामना हरलं नाही. जिंकणारा संघ काय काय खुळं डोक्यात घेतो, ते आतून पाहिल्याशिवाय कळत नाही. आमच्याकडे कुणी काही म्हणजे काही बदलायला तयार नव्हतं. कोच रोज तेच जळकं टोस्ट खात. बसमध्ये ज्याची जागा त्याचीच. वेंडेलची टोपी सप्टेंबरपासून धुतली गेली नव्हती आणि त्याच्या बायकोनं तिला घरात यायची बंदी केली होती. मायलोनं तर मोजे धुणंच सोडलं होतं. आणि त्यानं आणखी एक केलं. मला कुणी हात लावायचा नाही, असा हुकूम काढला.

"मायलो, निदान हवा तरी बघू दे," वेंडेल म्हणायचा.

"नको ना काका. हात लावलात आणि नशीब गळून पडलं तर? मग आख्खं गाव तुम्हाला धरेल."

वेंडेल हसायचा, टोपी सारखी करायचा आणि मला तसंच फळीवर ठेवून द्यायचा. एरवी कुणाचं न ऐकणारा म्हातारा, पण त्यालाही हरायची धास्ती होती. तिथंच घात झाला.

उपांत्य सामना कोल्डवॉटर कॉलेजशी होता. शेवटी शेवटी एका धिप्पाड पोराचा गुडघा माझ्या डाव्या बाजूवर बसला. आतली पिशवी फुस्स करून फुटली. मायलो उठला, दोन पावलं चालला आणि उलट्या दिशेला वळला. मग सावरला. सामना आम्ही जिंकलो, सगळे नाचले, आणि त्या गडबडीत त्याचं वळणं कुणाच्या लक्षात आलं नाही. मला मात्र सगळं कळलं होतं. त्याची नस माझ्या कडेला धडधडत होती. खोलीवर गेल्यावर त्यानं पडदे ओढले, कारण उजेड त्याला सहन होईना. आईचा फोन आला तर म्हणाला, "मस्त आहे गं. जरा दमलोय फक्त."

फुटलेल्या पिशवीचं त्यानं काय केलं? नवी मागितली असती तर वेंडेलनं एका मिनिटात बसवली असती. पण ते बदल करणं झालं असतं! त्यानं आपला न धुतलेला मोजा घडी करून माझ्या डाव्या कानशिलात कोंबला. वर हसून म्हणाला, "झालं. दुप्पट नशीब."

मित्रांनो, तेव्हापासून मला चैन म्हणून पडलं नाही. दुसरा तसाच मार बसला तर मध्ये फक्त एक मोजा होता. मी ओरडत होतो, पण माझा आवाज कुणाच्या कानी जात नव्हता, कान माझ्या आत असूनसुद्धा.

अंतिम सामना सेंट ऑल्डन कॉलेजशी होता. तेही त्या हंगामात एकदाही हरले नव्हते. दोघांपैकी एकाची विजयांची माळ आज तुटणार होती. बस निघाली तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाव उभं होतं. मायलोच्या आईनं कोलाचे, म्हणजे जर्दाळू भरलेले गोड पाव, त्यांचे खोके चढवले आणि मला थोपटून ती म्हणाली, "माझ्या पोराला सांभाळ रे बाबा." ते ऐकून माझा तर थरकाप उडाला. त्या बाईला कसं सांगू की मी आतून फाटलोय?

खेळ सुरू झाला आणि मी नुसता मार मोजत राहिलो. उजवीकडे बसला की हायसं वाटे. डावीकडे बसला की आता संपलं असं वाटे. सेंट ऑल्डनची पोरं डोंगराएवढी, आणि त्यांनी मायलोलाच हेरलं होतं. प्रत्येक वेळी तो थोडा उशिरा उठायचा. कोच बाहेरून ओरडायचे, "शाब्बास वाघा!" वाघाला समोरचा गुणांचा फळा एकाचे दोन दिसत होता, हे मला त्याच्या मानेच्या हेलकाव्यावरून कळत होतं.

शेवटच्या टप्प्यात आम्ही थोडेसेच मागे होतो आणि चेंडू पलीकडे नेला की गुण मिळतात ती रेषा समोर दिसत होती. चेंडू मायलोला मिळाला. तो घुसला. डावीकडून एक खांदा येताना मला जाळीतून दिसला आणि भीतीनं माझं सगळं अंग आवळलं. पण घामानं भिजलेला तो मोजा त्याच क्षणी सरकला. मी सैल झालो, हनुवटीचा पट्टा सुटला आणि खांदा लागायच्या आत मी उडून गवतावर घरंगळत गेलो. खांदा मायलोच्या छातीवर बसला. शिट्टी वाजली.

आमच्या खेळात डोक्यावरून हेल्मेट निघालं की खेळाडूनं पुढचा एक डाव बाहेर बसायचं असतं. मायलो चरफडत बाहेर आला, मला काखेत मारून. तिथं रेनी ऑस्टरमन उभ्या होत्या. संघाच्या दुखापती बघायचं काम त्यांचं. बाई अंगानं बारीक, आवाजानं खणखणीत. त्यांनी मायलोची हनुवटी धरली.

"माझ्याकडे बघ. आज समोर कोण आहे?"

"काय मॅडम, आत्ता परीक्षा घेताय का? कोल्डवॉटर!"

तो हसत होता. रेनीबाई हसल्या नाहीत. त्यांनी मला त्याच्या काखेतून ओढून घेतलं, आत हात घातला, आणि तो चिकट मोजा त्यांच्या बोटांना लागला. मोज्याखाली चपटी झालेली पिशवी लागली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

मायलोनं नजर चुकवली. मग हळूच म्हणाला, "मॅडम, एकच डाव. हात जोडतो. आख्खं गाव आलंय."

रेनीबाईंनी मला बर्फाच्या पिशव्यांच्या मोठ्या पेटीत टाकलं, झाकण लावलं आणि त्या वर बसल्या. हट्टी खेळाडू परत घुसू नये म्हणून त्याचं हेल्मेटच लपवायचं, ही त्यांच्या धंद्यातली रीत. हेल्मेटाशिवाय कुणाला आत सोडत नाहीत. आत अंधार, गारठा, आणि वर भांडण.

"रेनी, उठा तिथनं! पोरगा धडधाकट दिसतोय!" कोचचा आवाज.

"उद्या मला कामावरून काढा, कोच. आज ही पेटी उघडणार नाही."

"अहो, वर्षभराची मेहनत आहे!"

"त्याला आज समोर कोण आहे ते ठाऊक नाही. तुम्ही विचारून बघा."

मग कोचनं दुसऱ्याच पोराला हाक मारली. पुढं प्रचंड गलका झाला. कुणाचा, ते कळेना. माझं त्याच्याकडे लक्षही नव्हतं. मी बर्फात पडून एकच ऐकायचा प्रयत्न करत होतो. मायलोचा आवाज. तो येत नव्हता.

झाकण उघडलं ते वेंडेलनं. त्याच्या डोक्यावर टोपी नव्हती. आम्ही हरलो होतो. मायलोच्या जागी गेलेला पोरगा रेषेच्या वीतभर अलीकडे पडला होता. पण वेंडेल त्यासाठी रडत नव्हता. रुग्णवाहिका निघून गेली होती. "मी बघायला हवं होतं," एवढंच तो म्हणत राहिला आणि मला पुसत राहिला.

मायलोच्या डोक्यात थोडं रक्त साचलं होतं. आणखी एक मार बसला असता तर त्याची आई कोलाचे परत कुणासाठी भाजणार होती, असं डॉक्टरांचं बोलणं वेंडेलच्या कानी आलं. तो वाचला. कितीतरी दिवस अंधाऱ्या खोलीत पडून होता, चमच्याला काय म्हणतात ते आठवेना म्हणून रडत होता. गाव मात्र त्या हिवाळ्यात रेनीबाईंशी धड बोललं नाही. दुकानात त्या आल्या की लोक बटाटे निरखत बसत. वसंतात सगळी हेल्मेटं दुरुस्तीला गेली, तेव्हा मला बाद ठरवून परत पाठवलं. कणसं खरवडून निघाली. मला कचऱ्यात टाकायचं ठरलं होतं, पण रेनीबाईंनी मला मागून घेतलं. आत मोजा होता तसाच ठेवला.

आता मी त्यांच्या खोलीतल्या फळीवर असतो. दर ऑगस्टात नवी पोरं येतात, त्या त्यांना माझ्या आत हात घालायला लावतात. पोरं नाकं मुरडतात. मग गोष्ट ऐकतात आणि आपापल्या हेल्मेटातल्या पिशव्या दाबून बघतात. मित्रांनो, तुम्हालाही तेवढंच सांगायचंय. मार लागला, डोकं दुखलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, तर सांगा. आईला सांगा, सरांना सांगा, पण सांगा. मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.

मायलो आता वडिलांबरोबर शेती बघतो. दर वर्षी हंगामाच्या पहिल्या सामन्याला तो इथं येतो, मला हातात घेतो, डाव्या बाजूवर अंगठा फिरवतो. रेनीबाई चहा ठेवता ठेवता एकच प्रश्न विचारतात.

"त्या दिवशी समोर कोण होतं रे?"

तो थांबतो. खिडकीबाहेर बघतो. बाहेर बँडचे ढोल वाजत असतात. त्या थांबण्याची मला अजून भीती वाटते, दर वर्षी वाटते. त्याचा अंगठाही माझ्यावर फिरायचा थांबलेला असतो.

मग तो म्हणतो, "सेंट ऑल्डन."