अख्ख्या फेऱ्याची सूट

घड्याळाला चावी देता देता नॉर्मन थ्वेटचा अंगठा थांबला. फाटकातून आयरीन होल्रॉइड आत येत होती, आणि तिला पाहताच त्याला ते पत्र आठवलं. मार्चमध्ये आलेलं, निळ्या शाईतलं, ज्याला त्याने उत्तर दिलं नव्हतं.

पत्रात एकच प्रश्न होता. "मिस्टर थ्वेट, विटसनच्या मैलाला मी उभी राहिले, तर तुम्ही मला किती यार्डांची सूट द्याल?"

विटसन या ख्रिस्ती सणाच्या सोमवारी गावची जत्रा असे आणि जत्रेत मैलाची शर्यत. गेल्या वर्षीचा विजेता रेषेवरून सुटायचा; बाकीचे ज्याच्या त्याच्या वेगाप्रमाणे त्याच्या पुढे, कुणी चाळीस यार्ड, कुणी दोनशे. ही ज्याची त्याची सूट नॉर्मन ठरवी. ग्रंथालयातली नोकरी संपली, तरी हे काम त्याच्याकडेच राहिलं होतं. जत्रेच्या आधीच्या मंगळवारी रंगकारखान्यामागच्या राखेच्या धावपट्टीवर प्रत्येकाने तीन फेरे जिवाच्या आकांताने पळायचे. मैल चार फेऱ्यांचा, पण चौथा फेरा सरावात कुणीच पळत नसे. तो जत्रेसाठी राखलेला. तीन फेऱ्यांवरून चौथा कसा जाईल हे नॉर्मनने वाचायचं, आणि त्याचं वाचन सहसा चुकत नसे.

आयरीनच्या पत्रापुढे मात्र तो अडला होता. तीनदा त्याने "प्रिय मिस होल्रॉइड" लिहिलं आणि तीनदा कागद शेगडीत टाकला. पुरुषांचा हिशोब बाईला लागू पडतो का, हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि जे ठाऊक नसे ते तो पुस्तकात पाही. ग्रंथालयातून घरी आणलेल्या एका जाडजूड वैद्यकीय ग्रंथात एक प्रकरण सापडलं. बाईच्या देहाला लांबचं पळणं सोसत नाही, असं त्यात मोठ्या भारदस्त भाषेत लिहिलं होतं. नॉर्मनने ते दोनदा वाचलं, आणि आयरीनचं पत्र त्याच पानात खूण म्हणून ठेवून ग्रंथ मिटला.

पण क्लबच्या ज्या खोपटात तो बसे, त्याची खिडकी धावपट्टीकडे उघडायची. गुरुवारी पुरुष घरी गेले की आयरीन यायची. गिरणीत ती कापडातल्या गाठी काढायची, तुटलेले धागे जोडायची. तिथून सुटली की डोक्याला रुमाल बांधून थेट इथे. एक फेरा पळायचा, थोडं रमतगमत जायचं, की पुन्हा एक फेरा. असे आठ, कधी दहा. एप्रिलमध्ये ती मधली विश्रांती अर्ध्या फेऱ्याची असे. मे लागला तशी ती पाव फेऱ्यावर आली, आणि तरी शेवटचा फेरा पहिल्यापेक्षा ढिला नव्हता. पुरुषांपैकी कुणी असं करताना दिसला असता, तर नॉर्मनने त्याच दिवशी म्हटलं असतं, पोरगा मैलाला तयार झाला. खिडकीत उभा राहून तो बघत राहिला. घड्याळ त्याने खिशातून काढलं नाही.

"काय रे नॉर्मन, चावी मोडतोस की काय?" अर्नेस्ट मिजली मागून येऊन म्हणाला. मिजली क्लबचा सेक्रेटरी. गळ्यात क्लबचा टाय, तोंडात पाइप, आणि आवाज असा की बँडशिवायही जत्रा भरावी.

"नाही. झाली देऊन."

"मग सोड एकेकाला. सातनंतर चिप्सच्या दुकानात रांग लागते."

डेरिक ऑल्डरॉइड पळाला. तिसरा फेरा संपवून तो रेषेपलीकडे दोन पावलं झोकांडला आणि धाडकन आडवा झाला. राखेवर नव्हे, कडेला गवताचा एक स्वच्छ तुकडा होता, बरोबर त्याच्यावर.

"मेलो," तो म्हणाला.

नॉर्मन त्याच्याजवळ जाऊन वाकला आणि दरवर्षी सगळ्यांना विचारायचा तोच प्रश्न त्याने विचारला. "संध्याकाळी काय खाल्लंस?"

"ब... बटाटे," डेरिकने धापा टाकल्या. "आणि... मटार. आईने मटारात पुदिना घातला होता, मला तो आवडत नाही हे तिला किती वेळा सां..." तो एकदम गप्प झाला.

आजूबाजूची मंडळी हसायला लागली. "गेले रे तुझे दहा, डेरिक!"

गावात हे सगळ्यांना पाठ होतं. जास्त सूट पदरात पडावी म्हणून तीन फेरे जरा हात राखून पळायची खोड प्रत्येकालाच. म्हणून नॉर्मन प्रश्न विचारी. खरोखर पिळून निघालेला माणूस एखादा शब्द कसाबसा ढकलतो. ज्याच्या तोंडून पुरं वाक्य निघालं त्याने काहीतरी शिल्लक ठेवलेलं आहे. त्याच्या सुटीतून दहा यार्ड वजा. यावर कुणी हुज्जत घालत नसे. दहा कापले जाणं हा उलट एक मानच होता. कापायला आधी काही असावं लागतं.

सगळे पळून झाले. काही जण मोजे बदलायला बसले. तेव्हा आयरीन रेषेवर येऊन उभी राहिली. भावाची जुनी चड्डी, कमरेला नाडीने आवळलेली. तिने नॉर्मनकडे पाहिलं. पत्राचं नाव काढलं नाही.

"मिस्टर थ्वेट, घड्याळ आहे ना हातात?"

"आहे," नॉर्मन म्हणाला.

"मग दाबा."

ती सुटली आणि त्याचा अंगठा आपोआप खाली गेला.

"हे काय?" मिजली म्हणाला.

"तीन फेरे," नॉर्मन म्हणाला.

"ते दिसतंय मला. कशासाठी?"

नॉर्मनची नजर धावपट्टीवरच होती. पहिला फेरा झाला. मोजे बदलणाऱ्यांपैकी एकाने शीळ घातली, दुसरा ओरडला, "बाई, चहाची किटली विसरलात!" जत्रेत बायकांना शंभर यार्डांची एक शर्यत असे, मग चमचा-अंडं, आणि उरलेला दिवस त्यांनी पुरुषांना चहा ओतायचा. बक्षीस म्हणून भांडी पुसायची फडकी, सहांचा संच. फडकी निवडायला मिजलीची बायको दरवर्षी मोठ्या हौसेने लीड्सला जायची. आयरीनने तो संच दोनदा जिंकला होता.

दुसऱ्या फेऱ्याला कुणी शीळ घातली नाही. तिची पावलं राखेवर एकसारखी पडत होती. पलीकडच्या वळणावर, जिथे वारा समोरून येतो आणि सगळे खांदे वर उचलतात, तिथे तिचे खांदे खालीच राहिले. नॉर्मनने घड्याळावर नजर टाकली. दुसरा फेरा पहिल्यासारखाच. तिसराही तसाच निघाला तर... त्याला ग्रंथातलं ते प्रकरण आठवलं, आणि ते लिहिणारा माणूस आयुष्यात कधी असा हातात घड्याळ घेऊन राखेत उभा राहिला असेल का, हा प्रश्न त्याला पहिल्यांदाच पडला. मग त्याच्याच खिडकीतले गुरुवार त्याला आठवले, आणि कानांच्या पाळ्या तापल्या.

ती रेषा ओलांडून गेली. तीन मिनिटं चोपन्न सेकंद. गुडघ्यांवर हात टेकून ती उभी राहिली. गवताकडे तिने पाहिलंही नाही.

नॉर्मन पुढे झाला. प्रथेप्रमाणे विचारायला हवं होतं. "संध्याकाळी काय खाल्लंत?" त्याने विचारलं, इतक्या हळू की मिजलीच्या टाळ्यांत ते बुडून गेलं.

"वा, वा!" मिजली टाळ्या वाजवत येत होता. "अगं पोरी, कमाल केलीस. मंडळी, ऐका. आपला क्लब काही जुनाट विचारांचा नाही. कमिटीच्या वतीने मी आत्ताच सांगतो, सोमवारी मिस होल्रॉइड मैल पळणार, आणि त्यांना अख्ख्या फेऱ्याची सूट. पुरुषांचे चार, बाईंचे तीन. शेवटी बँड, फुलांचा गुच्छ. लोकांची छान करमणूक होईल."

मंडळी हसली, काहींनी टाळ्या वाजवल्या. डेरिक म्हणाला, "गुच्छ मलाही चालेल."

आयरीन सरळ उभी राहिली.

"मिस्टर मिजली, अख्खा फेरा मी तुमच्याकडे मागितला होता का? हे सगळे जण इथे तीन फेरे पळतात, मिस्टर थ्वेट घड्याळ बघतात, आणि ज्याला जितकी येते तितकी सूट मिळते. ती कुणी कुणाला दान देत नाही, ती त्याने पळून मिळवलेली असते. आणि मी थंडीभर पहाटे कालव्याकाठी पळाले, गिरणीत दिवसभर उभी राहून पुन्हा इथे पळाले, ते काय तीन फेरे पळून तुमच्या हातून गुच्छ घ्यायला? मला तुमची सूट नको. मला माझी सूट हवी. ती तीस यार्ड असली तरी चालेल, तीनशे असली तरी चालेल, पण ती घड्याळातून आली पाहिजे, तुमच्या पाइपातून नाही. आणि फडकी माझ्याकडे बारा आहेत, ती मिसेस मिजलींना परत द्यायची असतील तर सांगा, मी इस्त्री करून आणते." मग ती नॉर्मनकडे वळली. "आणि मिस्टर थ्वेट, मी संध्याकाळी काहीच खाल्लेलं नाही, गिरणीतून सरळ इथे आले."

तिने रुमाल सोडला, झटकला, पुन्हा बांधला आणि फाटकाकडे चालू लागली.  नॉर्मन हातातल्या घड्याळाकडे बघत उभा होता. काटा त्याने केव्हाच थांबवला होता, तरी तो बघत होता.

खोपटात मिजलीने पाइप टेबलावर आपटला. "जीभ बघितलीस? आपण मान द्यायला जातो, आणि... जाऊ दे. लिही. होल्रॉइड, अख्खा फेरा, चारशे चाळीस यार्ड. उद्या यादी छापायला द्यायची आहे."

नॉर्मनने पेन्सिल उचलली. ती हातातून निसटून टेबलाखाली गेली. वाकून शोधून तो वर आला तेव्हा त्याचा चेहरा लाल झाला होता.

"सूट मी ठरवतो, अर्नेस्ट."

"मग ठरव ना. चारशे चाळीस ठरव."

"तेवढी येत नाही."

"अरे, जास्तच देतोय ना तिला! शिक्षा आहे का ही?"

"हो," नॉर्मन म्हणाला. मिजली बघत राहिला, म्हणून त्याला पुढे बोलावं लागलं. "एकटीला एक अख्खा फेरा माफ करून तू गावाला सांगणार, की हिचं पळणं मोजायच्या लायकीचं नाही. मी ते मोजलंय."

"आणि कमिटीला तुझं मोजमाप पटलं नाही तर?"

"तर बाकीच्यांच्या सुटीही कमिटीनेच ठरवाव्यात. डेरिकची, तुझ्या पुतण्याची, सगळ्यांची. मी घड्याळ इथे ठेवून जातो." त्याने घड्याळ खरोखरच टेबलावर ठेवलं. 

मिजली हसला. मग त्याच्या लक्षात आलं, की ओळख झाल्यापासून नॉर्मनने एकदाही थट्टा केलेली नाही. पुतण्याची सूट आपण ठरवली, तर त्याचा बाप, म्हणजे आपला भाऊ, किती भांडेल हेही त्याला आठवलं असावं. त्याने पाइप उचलून दाताखाली धरला.

"तुला कुठलं भूत लागलंय ते लागो," तो दारातून म्हणाला. "पण सोमवारी लोक हसले, तर ते तुझ्यावर हसतील."

"हसू देत," नॉर्मन म्हणाला, पण तोवर दार लागलं होतं. घड्याळ त्याने परत खिशात घातलं.

घरी पोचला तेव्हा बाहेर अजून लख्ख उजेड होता. त्याने आधी ग्रंथातून ते पत्र काढलं. त्या पानाकडे एकदा पाहिलं आणि ग्रंथ दाराजवळ ठेवला, उद्या ग्रंथालयात परत द्यायला. मग साधं कार्ड घेतलं. "प्रिय मिस होल्रॉइड" लिहून झालं. या वेळी पुढचं अडलं नाही.

"तुमच्या मार्चमधल्या पत्राला उत्तर द्यायला फार उशीर झाला, क्षमस्व. तुमच्या तीन फेऱ्यांवरून दोनशे नव्वद यार्ड येतात. त्यातून नेहमीचे दहा वजा. आणखी दहा वजा, कारण तुम्ही फार बोललात, आणि मधे श्वाससुद्धा घेतला नाहीत. दोनशे सत्तर. यात बदल होणार नाही. नॉ. थ्वेट."

कोपऱ्यावरच्या लाल पेटीपाशी तो थबकला. वीस यार्ड. आजवर त्याने कुणाचे वीस कापले नव्हते. कार्ड वाचून ती चिडेल, तणतणत धावपट्टीवर येईल, भांडेल. ती भांडलेलीच बरी. तरीही तिच्यावर अन्याय तर होत नाही ना? त्याने मनात चौथा फेरा पुन्हा एकदा वाचून पाहिला, समोरून वारा येतो त्या वळणासकट, रेषेपर्यंत. नव्हता होत.

त्याने कार्ड फटीत सरकवलं. आत ते पडल्याचा आवाज आला, आणि सवयीने त्याचा अंगठा खिशातल्या घड्याळावर दाबला गेला.