कुंकू नसलेली पावती

शहापूरच्या माधुरीकडे ऑडिटची बरीच कामं होती, पण टोकावड्याची भातगिरण तिच्या विशेष लोभाची. गिरण लडकूशेठ आणि त्यांची धाकटी भावजय अनिता यांच्या भागीदारीत होती; नवरा गेल्यावर त्याचा हिस्सा अनिताकडे आला होता. गिरणीची गुंतवणूक म्हणाल तर एकच, बँकेतली मुदत ठेव. तिची पावती दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या पाटावर बसायची, त्यामुळे ऑडिटला यायची ती हळदकुंकवानं माखलेली, अक्षता चिकटलेली. आकडा वाचायचा तर आधी नखानं तांदूळ खरवडा. माधुरी दरवर्षी वैतागायची आणि दरवर्षी तिला हसूही यायचं.

यंदा पावती आली ती अगदी धुतल्या तांदळासारखी. माधुरीच्या मनात पाल चुकचुकली. कागद उजेडात धरला, तर ती रंगीत झेरॉक्स निघाली. अस्सल कुठंय म्हटल्यावर लडकूशेठ आधी देवघरात म्हणाले, मग कपाटात म्हणाले, मग चहा सांगायला उठले. तिनं रीतीप्रमाणे थेट बँकेकडून पत्र मागवलं. ठेव शाबूत होती, पण दसऱ्याच्या सुमारासच तिच्यावर कर्ज उचललेलं होतं आणि अस्सल पावती बँकेत तारण होती. सही एकट्या लडकूशेठची.

आता हे अनितालाही सांगणं भाग होतं. तिनं आजवर दिराकडे कधी हिशेब मागितला नव्हता. तो विश्वास तुटला असता, तर गिरणीचे दोन तुकडे व्हायला वेळ लागला नसता. माधुरीला वाईट वाटत होतं, पण झाकून ठेवणं तिच्या हातात नव्हतं. तिनं दोघांना समोर बसवलं आणि पत्र वाचलं.

लडकूशेठनी मान खाली घालून सगळं सांगितलं. मुलाला, भाविकला, नोकरी लावतो म्हणून एका दलालानं पैसे घेतले आणि तो पसार झाला. लाजेपायी ते घरात कुणाला बोलले नाहीत.

माधुरीला एक कोडं मात्र सुटेना. झेरॉक्सला चार बोटं कुंकू फासलं असतं, तर तिनं नेहमीसारखे तांदूळ खरवडून आकडा टिपला असता. तिनं तसं विचारलंही.

"हात नाय उठला, बाय," लडकूशेठ म्हणाले. "तुमच्यापुढं ठेवला खोटा कागद, चुकलंच. पन लक्षुमीपुढं कसा ठेवू? यंदा पाट मोकळाच मांडला."

अनितानं बँकेचं पत्र ओढून घेतलं आणि स्वतः एकदा वाचलं. तिला राग आला होता, आणि दिराची कीवही येत होती. मग ती माधुरीकडे वळली.

"काय हाय ते लिवा, ताई. लपवू नका. कर्ज भावोजींच्या हिश्शातून फिटंल, आनि यापुढं सही दोघांची." आणि दिराकडे न बघताच म्हणाली, "गिरण मोडायची नाय. पुढल्या दिवाळीला खरा कागद पाटावर आना, भावोजी. कुंकू मी लावीन."

नवरा गेल्यापासून अनितानं कुंकवाच्या करंड्याला हात लावला नव्हता. लडकूशेठना ते ठाऊक होतं. त्यांनी उपरण्यात तोंड लपवलं.